थिंफूच्या टपालखिडकीवर मिळणारे स्वतःचे तिकीट

थिंफूच्या मुख्य टपाल कचेरीत एका खिडकीवर आपल्या छायाचित्राचे टपाल तिकीट छापून मिळते. हे शोभेचे तिकीट नव्हे. त्यावर भूतानचे नाव असते, किंमत असते, आणि ते पाकिटावर चिकटवून पेटीत टाकले की टपालखाते ते पत्र रीतसर वाहून नेते. गेल्या ऑक्टोबरात आम्ही भूतानला गेलो तेव्हा मी ही सेवा मुद्दाम घेतली, त्याच इमारतीतले टपाल संग्रहालयही पाहिले, आणि परतल्यावर पत्र साताऱ्याला पोचल्याचे कळेपर्यंत थांबून मगच हे लिहायला घेतले. टपालाच्या सेवेबद्दल पत्र पोचण्याआधी मत देणे मला बरोबर वाटत नाही.

मुद्दाम घेतली असे म्हणतो, त्याला कारण माझे मामा. साताऱ्याचे माझे मामा पन्नासहून अधिक वर्षे तिकिटे जमवत आहेत. आमच्या लहानपणी स्टेशनरीच्या दुकानात परदेशी तिकिटांची पारदर्शक पाकिटे टांगलेली असत. त्यांत ‘मॅग्यार पोस्टा’ असे लिहिलेली हंगेरीची तिकिटे असत, मंगोलियाची असत आणि नशीब असेल तर भूतानचे एखादे. भूतानचे तिकीट हाताला लागताच ओळखू यायचे, कारण ते कधी त्रिकोणी असायचे, तर कधी हलवले की चित्र पुढेमागे सरकणारे, बोटाला खरखरीत लागणारे. मी ती तिकिटे धावत जाऊन मामांना दाखवत असे, आणि मामा चिमट्याने उचलून, भिंगाखाली धरून, अत्यंत गंभीरपणे परत देत असत. “ही विकायला काढलेली तिकिटं आहेत, बाळ. यांनी कधी पत्र नेलेलं नाही.” त्यांच्या अल्बममध्ये होळकर आणि ग्वाल्हेर संस्थानांची तिकिटे होती, नाशिकच्या छापखान्यातून निघालेली स्वतंत्र भारताची होती, शिक्क्यासह जपलेली अख्खी पाकिटे होती. भूतानला मात्र त्यांनी एक पानही दिले नव्हते. माझी भूतानची तिकिटे बिस्किटांच्या डब्यात राहिली.

मामांचा आक्षेप चुकीचा नव्हता. भूतानने १९६० आणि १९७० च्या दशकांत जी तिकिटे काढली त्यांतली बहुतेक जगभरच्या संग्राहकांसाठीच होती, हे कोणी नाकारत नाही. १९६६ मध्ये हिममानवाची मालिका आली, १९६७ मध्ये अंतराळवीरांची त्रिमितीय तिकिटे आली, १९६९ मध्ये पोलादाच्या पातळ पत्र्यावर छापलेली आणि रेशमावर छापलेली तिकिटे आली, १९७३ मध्ये गुलाबांची सुगंधी तिकिटे आली. या सगळ्यामागे बर्ट टॉड नावाचा अमेरिकी उद्योजक होता. राजघराण्याशी त्याचा ऑक्सफर्डपासूनचा स्नेह होता. विकासकामांना पैसा हवा होता, जागतिक बँकेकडून कर्जाचे काम जमले नाही, तेव्हा तिकिटे छापून परकी चलन मिळवण्याची वाट त्याने धरली, असे सांगितले जाते. पण हे एवढेच सांगून थांबले की भूतानवर अन्याय होतो, हे मला संग्रहालयात फिरताना उमगले.

संग्रहालय २०१५ च्या नोव्हेंबरात, चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या साठाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने सुरू झाले. ते मोठे नाही, आणि मोठे नाही हीच त्याची चांगली बाजू आहे. त्याची सुरुवात तिकिटांपासून होत नाही, माणसापासून होते. रस्ता नव्हता त्या काळी डोंगरांतून पायी पत्रे नेणारे हरकारे होते, त्यांची ही कथा आहे. आपल्याकडे पेशवाईच्या कागदपत्रांत जासूदजोडी, म्हणजे पत्रे नेणाऱ्या निरोप्यांची जोडी, रवाना केल्याचे उल्लेख पानोपानी येतात, त्यामुळे मराठी माणसाला हा भाग समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की आपले जासूद अठराव्या शतकातले, आणि भूतानचे हरकारे माझ्या वडिलांच्या तरुणपणातले. भारताच्या सीमेवरून थिंफूला यायला तेव्हा सहा दिवसांची पायपीट करावी लागे. १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा तेसुद्धा नथू ला ही खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर बसून पारोला पोचले होते. भारताच्या पंतप्रधानांना शेजारच्या देशात जायला तिसऱ्या देशाच्या वाटेने जावे लागे, अशी स्थिती होती.

पुढच्याच वर्षी तिबेटमध्ये उठाव झाला, दलाई लामा भारतात आले, आणि भूतानने उत्तरेकडची सीमा बंद केली. शतकानुशतके ज्या वाटेने मीठ, लोकर आणि भिक्षू येत-जात होते ती वाट मिटली. दक्षिणेकडे भारत होता, ज्याच्याशी १९४९ च्या करारान्वये परराष्ट्र व्यवहारांत भारताच्या सल्ल्याने चालण्याचे भूतानने मान्य केले होते. उत्तरेला चीन होता, ज्याच्याशी सीमाही आखलेली नव्हती. थिंफू त्या वेळी राजधानी म्हणून अगदी नवी होती. १९६१ मध्ये तिला तो दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी भारताच्या ‘दंतक’ या रस्तेबांधणी प्रकल्पाने सीमेवरच्या फुंटशोलिंग गावापासून थिंफूपर्यंत हा सुमारे १७० किलोमीटरचा रस्ता खोदायला घेतला. आणि मग १० ऑक्टोबर १९६२ रोजी फुंटशोलिंगला देशाचे पहिले टपाल कार्यालय उघडले आणि पहिली रीतसर टपाल तिकिटे विक्रीला आली. त्यांतल्या सर्वांत स्वस्त, दोन छेत्रमच्या (छेत्रम म्हणजे भूतानी पैसा) तिकिटावर चित्र होते ते टपाल नेणाऱ्या हरकाऱ्याचे.

ही तारीख मी दोनदा वाचली. बरोबर दहा दिवसांनी, २० ऑक्टोबरला, भारत आणि चीन यांच्यात युद्ध सुरू झाले. दोन्ही शेजारी डोंगरात एकमेकांवर तोफा डागत असताना हा छोटा देश आपली पहिली तिकिटे विकत होता. भूतान १९६९ मध्ये जागतिक टपाल संघाचा सभासद झाला, आणि संयुक्त राष्ट्रांचा सभासद व्हायला त्याला १९७१ उजाडावे लागले. म्हणजे जगाने भूतानचे पत्र आधी स्वीकारले आणि भूतानचे मत नंतर. तिकीट ही त्या देशासाठी कमाईची वस्तू होतीच, पण ज्यांच्या घरात त्याचे नाव कधी पोचले नसते अशा घरांत नाव पोचवणारीही तीच वस्तू होती. साताऱ्यातल्या एका दहा वर्षांच्या मुलाला भूतान हा वेगळा देश आहे हे शाळेच्या भूगोलाआधी तिकिटाने सांगितले होते, हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितो.

संग्रहालयात मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो बोलक्या तिकिटांसमोर. १९७२-७३ च्या सुमाराची ही तिकिटे म्हणजे छोट्या गोल तबकड्या आहेत. मध्ये भोक, अंगावर बारीक रेघा, मागे चिकटणारा कागद. मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या नेहमीच्या ग्रामोफोनवर त्या वाजतात. सातांच्या संचात राष्ट्रगीत आहे, लोकगीते आहेत, आणि देशाचा इतिहास इंग्रजीत व भूतानच्या जोंगखा भाषेत सांगितलेला आहे. काचेजवळ वाकून पाहिले तर तबकडीच्या रेघांवर दिव्याचा प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. पाकिटाच्या कोपऱ्यात देशाचे राष्ट्रगीत चिकटवून पाठवायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला केवळ व्यापारी म्हणणे मला तरी जमणार नाही. २००८ मध्ये त्याच परंपरेत सीडीचे तिकीटही निघाले. ते मला तितकेसे भावले नाही, कारण आज ती सीडी चालवायचे यंत्र घरात राहिलेले नाही आणि तबकडी मात्र अजून वाजते.

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. खिडकीवर घो आणि किरा या राष्ट्रीय पोशाखातले कर्मचारी असतात, आणि त्यांचे वागणे अतिशय सौजन्याचे आहे. आपले छायाचित्र फोनमधून किंवा पेनड्राइव्हवरून देता येते, किंवा ते तिथेच काढून घेतात. मग संगणकावर चौकट निवडायची असते. ती पाहायला आमच्यासाठी पडदा आमच्याकडे वळवण्यात आला. छपाईला फार वेळ लागत नाही. शीट हातात येते तेव्हा कागद अजून किंचित कोमट असतो. पैसे रुपयांत चालतात, कारण भूतानचे चलन नुलट्रम आणि रुपया यांचे मूल्य समान ठेवलेले आहे. एक शीट काही शे रुपयांत होते, आणि त्यातले प्रत्येक तिकीट टपालाला चालते हे लक्षात घेतले तर हा खर्च स्मरणवस्तूच्या कोणत्याही दुकानापेक्षा सार्थकी लागतो.

छायाचित्राच्या बाबतीत मात्र आधी विचार करून जावे. तिकिटाचा आकार अंगठ्याच्या पेराएवढा, त्यात चौकट, देशाचे नाव आणि किंमत यांनी जागा घेतल्यावर चेहऱ्याला उरते ती जागा फारच थोडी. माझ्या मेहुणीने आठ जणांचे कौटुंबिक छायाचित्र दिले आणि तिकिटावर आठ ठिपके आले. मी आधी डोंगरासमोर उभा असलेला स्वतःचा फोटो निवडला होता, पण शेजारच्या रांगेतल्या एका वृद्ध भूतानी गृहस्थांनी आपल्या नातीचा फक्त चेहरा भरून छापून घेतलेला पाहिला आणि माझा विचार बदलला. चेहरा जवळून, उजेड समोरून, पार्श्वभूमी साधी, असे छायाचित्र उत्तम उतरते. मी मामांचा जुना, हातात भिंग धरलेला फोटो फोनमध्ये शोधून काढला आणि तो दिला. चौकटीसाठी त्यांनी दाखवलेल्या नमुन्यांतून अगदी साधी निवडली, म्हणजे भिंग कापले जाणार नाही.

आपल्याकडे भारतीय टपालखात्यानेही २०११ पासून ‘माय स्टॅम्प’ या नावाने अशी सेवा सुरू केली आहे, आणि ती चांगली आहे. मग थिंफूला जाऊन हे का करावे, असा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की तिथे तिकीट, संग्रहालय आणि पेटी ही तिन्ही एका छताखाली आहेत. हरकाऱ्याची कथा वाचून, राष्ट्रगीत वाजवणारी तबकडी पाहून, मग आपल्या हाताने तिकीट चिकटवायचे आणि त्याच इमारतीत टाकायचे. हा क्रम पाळला तर तिकिटावरच्या आपल्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या वर छापलेले देशाचे नाव अधिक दिसू लागते. ज्या देशाचे सुरक्षा परिषदेच्या पाच स्थायी सदस्यांपैकी एकाशीही औपचारिक राजनैतिक संबंध नाहीत, जो १९७३ पासून अलिप्ततावादी चळवळीत आहे, ज्याचा चीनशी सीमावाद १९८४ पासून चर्चेच्या फेऱ्यांमध्ये चालू आहे आणि ज्याच्या डोकलाम पठारावर २०१७ मध्ये भारत आणि चीन यांचे सैन्य ७३ दिवस समोरासमोर उभे होते, तो देश आलेल्या पाहुण्याला आपल्या नावाखाली स्वतःचा चेहरा छापू देतो, यात मला मोठा आत्मविश्वास दिसतो. भारताबरोबरचा करारही २००७ मध्ये बदलला गेला आणि सल्ल्याने चालण्याचे ते कलम गेले. आम्ही भारतीय भूतानकडे फार सहजपणे आपल्याच घरची माडी म्हणून पाहतो, आणि तिथले लोक ते सौजन्याने सहन करतात. टपाल कचेरीत रुपये देताना, आमच्याच गटातल्या एकाने “हे तर आपलंच आहे” असे मोठ्याने म्हटले तेव्हा मला खरोखर संकोच वाटला. ते आपले नाही, म्हणूनच ते तिकीट मोलाचे आहे.

दोन गोष्टींबद्दल सावध करतो. पहिली, यात्रा कंपनीबद्दल. आमच्या यात्रा कंपनीने टपाल कचेरीसाठी वीस मिनिटे ठेवली होती, आणि ती वीस मिनिटेसुद्धा ‘खरेदी’ या सदराखाली. वीस मिनिटांत शीट छापून होते, परंतु संग्रहालय बघून होत नाही आणि पत्र लिहूनही होत नाही. मी संध्याकाळचा हस्तकला बाजार सोडून दुसऱ्यांदा एकटा गेलो म्हणून हे सारे जमले. भारतीय प्रवाशांना प्रत्येक रात्रीसाठी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. इतके भरून राजधानीत राहणाऱ्या माणसाने अर्धा दिवस इथे मागून घ्यावा आणि तो आधीच ठरवून घ्यावा. दुसरी गोष्ट, बाजारातल्या एका दुकानात ‘दुर्मीळ’ म्हणून त्रिमितीय तिकिटांचे पाकीट मला चढ्या भावाने दाखवण्यात आले. त्यातली दोन तिकिटे कडेने उकललेली होती आणि त्यावरचे प्लास्टिक पिवळे पडले होते. नवी मालिका हवी असेल तर ती टपाल कचेरीतून छापील किमतीला घ्यावी; जुनी हवी असेल तर भिंग जवळ ठेवून, कडा तपासून घ्यावी.

पत्र लिहिण्यासाठी मी कचेरीतल्याच एका बाकावर बसलो. मामांना काय लिहावे हे पटकन सुचेना. शेवटी एवढेच लिहिले की तुम्ही म्हणत होतात त्या तिकिटांनी पत्र नेलेले नाही, तर हे नेते का ते आपण दोघांनी मिळून पाहू. तिकीट पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात, कडेपासून बोटभर आत चिकटवले, कारण अगदी कडेला लावलेल्या तिकिटाचा कोपरा थैलीत घासून उचकटतो, असे मामांनीच शिकवले होते. खिडकीवरच्या मुलीला मी विनंती केली की शिक्का थोडा तिकिटावर आणि थोडा पाकिटावर येऊ द्यावा आणि तारीख वाचता यावी. तिने डोके हलवले, शाईची गादी एका कागदावर आधी दाबून पाहिली, शाई जास्त वाटली म्हणून दुसऱ्यांदा दाबली, आणि मग शिक्का सरळ, दाब सारखा ठेवून उमटवला. मागे उभ्या असलेल्या लोकांनी काही कुरबूर केली नाही. ज्या माणसाने आयुष्यभर शिक्के पाहिले आहेत त्याला या एका दाबाची किंमत कळेल, एवढे मला त्या क्षणी ठाऊक होते.

आम्ही घरी पोचल्यानंतर बऱ्याच दिवसांनी, मी जवळजवळ आशा सोडलेली असताना, एका दुपारी मामांचा फोन आला. त्यांनी तिकिटावरच्या स्वतःच्या चेहऱ्याबद्दल पहिल्यांदा काहीच विचारले नाही. शिक्क्यावरची तारीख त्यांनी वाचून दाखवली, मग वेळ लागला तो वाटेत किती आणि इकडे किती याचा हिशेब मांडला, मग कागद कोणता आहे, मागे डिंक आहे की स्टिकरसारखा आहे, असे विचारत राहिले. मी सांगितले की स्टिकरसारखा. “मग पाकिटावरून सोडवायचं नाही,” ते म्हणाले. “पाण्यात टाकलं की गेलं. अख्खंच ठेवायला हवं.”

दिवाळीत साताऱ्याला गेलो तेव्हा अल्बम टेबलावर काढून ठेवलेला होता. ग्वाल्हेरनंतर एक नवे पान जोडले होते, वर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘भूतान’ असे लिहिले होते, आणि पारदर्शक खिशात माझे पाकीट सरकवलेले होते. त्याच्या खाली तीन रिकामे खिसे होते. मामांनी मला विचारले की तो बिस्किटांचा डबा अजून माझ्याकडे आहे का.